आयबॅन नसलेल्या देशातून

सातपूरच्या एका कारखान्यात ११ वर्षे सुरक्षा अधिकारी म्हणून काम केल्यानंतर मी नोकरी सोडली आणि अग्निसुरक्षा, ओझे उचलण्याची पद्धत, विजेची उपकरणे हाताळणे अशा विषयांवर दहा-बारा मिनिटांचे ३२ इंग्रजी ई-अभ्यासक्रम तयार केले. परदेशात ग्राहक शोधणे हेच यातले सर्वांत अवघड काम ठरणार, अशी माझी समजूत होती. प्रत्यक्षात ग्राहक साडेतीन महिन्यांत मिळाला. त्याच्याकडून पैसे घेता येण्याइतका ‘नोंदणीकृत’ व्हायला मात्र मला त्यापुढे सात आठवडे लागले, आणि त्याचा राग अजून पुरता गेलेला नाही.

सुरुवातीला मी थेट परदेशी कारखान्यांना पत्रे पाठवत होतो आणि एकाचेही उत्तर येत नव्हते. तेवढ्याशा अभ्यासक्रमांसाठी कोणताही कारखाना नवा पुरवठादार नोंदवून घेत नाही, हे माझ्या उशिरा लक्षात आले. अनेक निर्मात्यांचे अभ्यासक्रम एकत्र करून ते वार्षिक परवान्याने पुढे देणाऱ्या कंपन्यांकडे वळल्यावर उत्तरे येऊ लागली. लंडनच्या एक्सेल केंद्रात भरणाऱ्या लर्निंग टेक्नॉलॉजीज प्रदर्शनाला जाण्याची ऐपत नव्हती, म्हणून मी तिथे दालन घेणाऱ्यांची जाहीर यादी उघडून एकेका कंपनीला स्वतंत्र पत्र लिहिले आणि सोबत एक पूर्ण अभ्यासक्रम स्कॉर्म १.२ मध्ये, म्हणजे कोणत्याही ई-शिक्षण प्रणालीत चालावा यासाठीच्या ठरावीक तांत्रिक मांडणीत, चाचणीसाठी दिला. ही आवृत्ती २००१ सालची असली तरी अजूनही तीच मागितली जाते. जर्मन कंपन्या मी मुद्दाम वगळल्या, कारण पूर्वसंमतीशिवाय पाठवलेला जाहिरातीचा ईमेल तिथे कंपन्यांच्या बाबतीतही कायद्याच्या कचाट्यात सापडू शकतो.

नेदरलँड्समधल्या एका कंपनीचे पहिले उत्तर दोन ओळींचे होते. माझ्या चित्रातला कामगार लाल रंगात ‘एक्झिट’ लिहिलेल्या पाटीकडे पळतो आहे आणि आग लागल्यावर १०१ फिरवतो आहे. त्यांच्याकडे पाटी हिरवी असते, तिच्यावर धावणारा माणूस असतो आणि क्रमांक ११२ असतो. नऊ दिवसांत सगळी चित्रे बदलून दिली, दर ठरला आणि करारावर सह्याही झाल्या.

मग त्यांनी मला पुरवठादार नोंदणीच्या संकेतस्थळाचा दुवा पाठवला. बँक तपशिलाच्या पानावर ‘आयबॅन’ (युरोपात वापरला जाणारा आंतरराष्ट्रीय बँक खाते क्रमांक) या चौकटीपुढे लाल तारा होता, म्हणजे ती भरल्याशिवाय पुढचे पान उघडणार नव्हते. भारतात आयबॅन ही पद्धतच नाही. मी खाते क्रमांक टाकून पाहिला, तो अवैध ठरला. एका हितचिंतकाने त्याच्यापुढे ‘आयएन’ लावायला सांगितले, तेही अवैध ठरले. त्याखालच्या बीआयसीच्या, म्हणजे बँकेच्या स्विफ्ट कोडच्या, चौकटीत मी आयएफएससी भरला, कारण बीआयसीही ११ अक्षरांचा असू शकतो. पण बीआयसीमध्ये पाचव्या-सहाव्या जागी देशाची अक्षरे लागतात आणि आयएफएससीत पाचव्या जागी शून्य असते, त्यामुळे तीही चौकट लाल झाली.

मदत कक्षाला लिहिले, तर ‘कृपया वैध आयबॅन भरावा’ असे उत्तर आले. भारतात आयबॅन नसतो, हे मी सविस्तर समजावून लिहिल्यावर चार दिवसांनी तेच वाक्य पुन्हा आले. तिसऱ्या वेळी तर ‘आपल्या समस्येचे निराकरण झाले आहे’ असे कळवून त्यांनी तक्रारच बंद केली. आपल्या खात्याला आयबॅन नाही, असे बँकेचे पत्र जोडावे, म्हणून मी शाखेत गेलो. अधिकारी सज्जन होते, परंतु ‘जी गोष्ट नाही, ती नसल्याचे पत्र कसे देऊ, साहेब?’ हा त्यांचा प्रश्नही खोटा नव्हता. दुसऱ्या खेपेला पत्र मिळाले, पण त्यात स्विफ्ट कोड नव्हता, कारण आमच्या शाखेला तो नाही आणि परकीय चलनाचे काम पाहणाऱ्या मुंबईच्या शाखेचा द्यावा लागतो. तिसऱ्या खेपेला कोड आला, पण शिक्का राहिला. चौथ्या खेपेला पत्र पूर्ण झाले, मी ते जोडले, आणि लाल तारा होता तिथेच राहिला.

सातव्या आठवड्यात त्या कंपनीच्या हिशेब विभागातील एका बाईंनी स्वतःहून फोन केला आणि माझ्या पडद्यावर काय दिसते ते विचारले. आधीच्या पानावर मी चलन म्हणून युरो निवडले होते; त्याच्या शेजारच्या बारीक चौकटीत ‘सेपा’ ही युरोपांतर्गत भरणापद्धत आपोआप आली होती, आणि तिच्यासाठी आयबॅन सक्तीचा असतो. ती बदलून ‘आंतरराष्ट्रीय हस्तांतरण’ करा, असे त्या म्हणाल्या. मी तसे केले आणि तारा गेला. बँकेचे ते पत्र शेवटपर्यंत कोणी उघडूनही पाहिले नाही. तेव्हा अशा फॉर्ममध्ये अडकलात, तर मदत कक्षाचा नाद सोडून हिशेब विभागातला माणूस गाठा.

पहिल्या २,४०० युरोंच्या इन्व्हॉइसपैकी १८ युरो मधल्या बँकेने कापले. शुल्क कोणी सोसायचे, हे मी करारात लिहिलेच नव्हते. पर्पज कोड (परदेशातून आलेले पैसे कशाचे आहेत हे सांगणारा कोड) कोणता, हेही पैसे येण्याआधीच बँकेशी बोलून ठरवावे. जीएसटी नोंदणी असेल, तर आरएफडी-११ हा अर्ज भरून लेटर ऑफ अंडरटेकिंग, म्हणजे कर न भरता निर्यात करण्यासाठीचे हमीपत्र, दर आर्थिक वर्षी नव्याने घ्यावे लागते. नाही तर आयजीएसटी भरून परताव्याची वाट पाहत बसावे लागते.

आणखी एक गोष्ट खरे तर सगळ्यात आधी सांगायला हवी होती. चित्रे किंवा निवेदन बाहेरच्या कलाकाराकडून करून घेतले असेल, तर हक्क हस्तांतरणाच्या लेखी करारात मुदत आणि प्रदेश स्पष्ट लिहून घ्या. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १९ प्रमाणे मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षे धरली जाते आणि प्रदेश लिहिला नसेल तर हक्क भारतापुरते मानले जातात. ही कागदपत्रे डच कंपनीने मागितली, तेव्हा माझ्या करारात दोन्ही रकाने कोरे होते. आमच्या निवेदिका ताईंकडे त्या संध्याकाळी पेढे घेऊन गेलो आणि नव्या कागदावर सही घेऊन आलो.