मार्चचा सातवा तुकडा

आज दुपारी माईंनी माझ्या गोधडीसाठी कापून ठेवलेल्या मार्चच्या गठ्ठ्यातला सातवा तुकडा उलटसुलट करून पाहिला आणि विचारले, "हा कुणाच्या लुगड्यातला गं?" मी चिठ्ठी पाहिली. चिठ्ठीवर सात होता. त्यापलीकडे चिठ्ठीला काही सांगता येत नव्हते आणि मलाही आले नाही. माईंनी तुकडा जागच्या जागी ठेवला, चहा घेतला आणि त्या गेल्या. मी मात्र तेव्हापासून अस्वस्थ आहे.

वास्तविक माझी ही पद्धत घरातल्या सगळ्या थट्टेला पुरून उरली आहे. गेल्या वर्षीच्या कालनिर्णयातल्या तारखा कापून घेतल्या की चिठ्ठ्यांसाठी लांबूनही वाचता येणारे आयते आकडे मिळतात. महिना म्हणजे गोधडीची ओळ आणि तारीख म्हणजे ओळीतली जागा. ओळी 12, प्रत्येक ओळीत 10 चौकोन. शिवून झालेला चौकोन 6 इंचांचा, म्हणजे चारही बाजूंना पाव इंच शिवण धरून कापायचा साडेसहा इंच, आणि सगळे नीट जुळले तर गोधडी 5 फूट बाय 6 फुटांची होते. ओळीतले तुकडे क्रमाने रचून, कोपऱ्यातून दोरा ओवून सैल गाठ मारते आणि गठ्ठा कपड्यांच्या चिमट्याने दोरीवर टांगते. टाचण्या पावसाळ्यात गंजतात आणि सुती कापडावरचा गंजाचा डाग सहजी निघत नाही, म्हणून चिठ्ठी कच्च्या टाक्याने अडकवते. कागदी चिकटपट्टी स्वस्त खरी, पण ती इस्त्रीआधी आठवणीने काढावी लागते, नाहीतर तिचा डिंक कापडात उतरतो. इस्त्रीच्या उष्णतेने दिसेनासे होणारे शाईचे पेन वन्संनी पाठवले आहे. त्यांच्याकडच्या कडाक्याच्या थंडीत त्याच खुणा पुन्हा उमटतात, तेव्हा ते मी फक्त वाण्याच्या यादीसाठी वापरते. इतक्या बारकाईने केलेल्या या कामाबद्दल आजवर कुणी एक शब्द विचारला नाही. विचारले ते हेच, की हा तुकडा कुणाचा!

माईंच्या आईला चिठ्ठ्या लागत नसत, हे मला ठाऊक आहे. त्या वाकळ कडेपासून शिवायला घेत आणि धावदोरा घालत आत आत येत. ढिगातून हाताला येईल तो तुकडा उचलीत आणि हे बारशाचे झबले, हा मामंजींच्या धोतराचा काठ, असे सांगतही जात. पण त्यांच्यापुढे एकाच घरचे कपडे असत. माझ्याकडे सगळ्या नात्यागोत्याने कपाटे रिकामी करून पाठवलेली बोचकी आहेत, आणि साडेसहा इंचांत कापल्यावर इरकलीला पदर राहत नाही की खणाला काठ. अण्णांचा सदरा तेवढा मी चिठ्ठीशिवाय ओळखते. तो डिसेंबरमध्ये लावला आहे. असो.

जागा दाखवणारी चिठ्ठी गोत्र सांगत नाही, याचे इतके वाईट का वाटावे, हे मात्र मला अजून उमगलेले नाही. कापड तेच आहे, ऊबही तीच असणार.

संध्याकाळी लग्नपत्रिकांची पाकिटे फाडून त्यांच्या कोऱ्या आतल्या बाजूवर नोंदी करायला बसले. "हिरवे, बहुधा मोठ्या काकूंचे." "जांभळे, बहुधा मिरजेहून आलेले." तासाभरात लक्षात आले की माझ्या या वंशावळीत सर्वांत मोठे घराणे 'बहुधा' यांचे आहे, आणि मग एकटीच हसत सुटले. शिवाय शिवताना या चिठ्ठ्याही निघणारच. तेव्हा आता फिक्या तुकड्यांच्या पाव इंच शिवणीत पेन्सिलीने दोन अक्षरे लिहायची, असे ठरवले आहे. गडद कापडावर पेन्सिल दिसत नाही. तिथे साबणाच्या झिजलेल्या वडीने लिहावे लागेल, आणि ते पहिल्या धुण्यात जाईल. मार्चचा सातवा गडद आहे. जी अक्षरे टिकतील, तीही शिवण उसवल्याशिवाय कुणाला दिसणार नाहीत, आणि उसवणारी बाई ती वाचण्याआधी माझ्या टाक्यांना नावे ठेवील.