५२९ ओहमचा बल्ब

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी लिहिण्याचा निरोप आला, तेव्हा सहली, स्नेहसंमेलने आणि गोदाघाटावरच्या प्रभातफेऱ्या यांवर इतर सहाध्यायी लिहितीलच असे गृहीत धरून मी प्रयोगशाळेत शिकलेल्या एका भागाकारावर आणि एका गुणाकारावर लिहायचे ठरवले. विभवांतराला, म्हणजे विजेच्या दाबाला, विद्युतधारेने भागले की रोध मिळतो आणि दोहोंचा गुणाकार केला की शक्ती मिळते. दहावीच्या परीक्षेत ही गणिते हमखास गुणांची असत. आमच्या विज्ञानाच्या सरांना मात्र उत्तरापेक्षा ती दोन मापे कोठे आणि कोणत्या स्थितीत घेतली, यात अधिक रस होता. पुढे सातपूरला आयटीआय करून मी मोटर रिवाइंडिंगच्या, म्हणजे जळालेल्या मोटारींतील तारेची गुंडाळी (वाइंडिंग) नव्याने भरण्याच्या, व्यवसायात पडलो, तेथे मला सर्वाधिक उपयोगी पडली ती त्यांची ही चौकशीच.

पहिला प्रयोग नायक्रोमच्या तारेचा होता. ॲमीटर एकसर, व्होल्टमीटर समांतर. १ व्होल्टला ०.२ अँपिअर, २ व्होल्टला ०.४, म्हणजे रोध ५ ओहम आणि आलेख सरळ रेषेत. वह्या मिटण्याच्या बेतात असताना सरांनी व्होल्टमीटरचे एक टोक काढून ॲमीटरच्या पलीकडे जोडायला सांगितले. आता उत्तर साडेपाच आले, कारण ॲमीटरचा स्वतःचा अर्धा ओहम तारेच्या हिशेबात शिरला होता. तारेऐवजी हजारो ओहमचा रोध असता, तर हा अर्धा ओहम कोणाच्या ध्यानातही आला नसता. तेथे उलट पहिलीच जोडणी फसवी ठरली असती, कारण व्होल्टमीटर स्वतः जी किंचित धारा ओढतो, तीही ॲमीटरमध्ये मोजली गेली असती.

ज्याच्या नावाचा हा भागाकाराचा नियम, तो गेऑर्ग ओहमही कोलोनच्या शाळेत शिकवणारा शिक्षक होता, हे सर मोठ्या आवडीने सांगत. त्याच्या विद्युतघटांचा दाब मोजता मोजताच उतरत असे, म्हणून त्याने घट सोडून बिस्मथ आणि तांबे यांचे तापयुग्म, म्हणजे दोन टोकांच्या तापमानातील फरकातून दाब देणारी दोन धातूंची जोडी, घेतले, त्याचे एक टोक उकळत्या पाण्यात आणि दुसरे बर्फात ठेवले, आणि असा स्थिर दाब मिळाल्यावरच १८२६ मध्ये त्याची मापे जुळली. पुढच्या वर्षी आलेल्या त्याच्या ग्रंथाची जर्मनीत उपेक्षा झाली. रॉयल सोसायटीचे कोप्ली पदक मिळाले ते १८४१ मध्ये.

त्यानंतरचा तास बल्बचा. १०० वॉट, २३० व्होल्ट असे त्यावर छापलेले. त्यावरून धारा सुमारे ०.४३ अँपिअर आणि रोध ५२९ ओहम. हा आकडा आम्ही फळ्यावर मांडला. सरांनी बल्ब होल्डरमधून काढून मल्टिमीटर लावला, तर काटा जेमतेम ४० ओहमच्या आसपास थांबला! टंगस्टनची तार पेटल्यावर सुमारे २५०० अंश सेल्सिअसपर्यंत तापते आणि तिचा रोध दहा-पंधरा पटींनी वाढतो. त्यामुळे कळ दाबल्याच्या क्षणी बल्ब जवळजवळ ६ अँपिअर ओढतो, आणि म्हणूनच जुने बल्ब बहुधा लावता क्षणीच जात. ५२९ हे उत्तर बरोबरच होते, पण ते फक्त पेटलेल्या बल्बचे होते.

निफाड-दिंडोरीकडच्या विहिरींवरच्या मोटारी दुरुस्तीला येऊ लागल्या, तेव्हा हेच प्रकरण अधिक गंभीर रूपात समोर आले. दाब २३० वरून १८० व्होल्टवर उतरला, तर हजार वॉटच्या हीटरची शक्ती वर्गाच्या प्रमाणात घटून ६१२ वॉटच्या आसपास येते आणि धाराही कमी होते. मोटर असे वागत नाही. तिला पाणी तेवढेच उचलायचे असते, म्हणून ती कमी दाबाची भरपाई जास्त धारेने करू पाहते, आणि वाइंडिंगमधील उष्णता धारेच्या वर्गाने वाढते. ‘लाइट कमी होती, मग मोटर जळेल कशी?’ असे विचारणाऱ्या शेतकरी बंधूंना मी हाच हिशेब कागदावर मांडून दाखवतो. मोटारीच्या वाइंडिंगचा रोध मीटरवर काही ओहमच दिसतो. त्याने ४१५ व्होल्टला भागले, तर येणारी धारा प्रत्यक्षाच्या कितीतरी पट भरेल, कारण फिरत्या मोटारीत उलट दिशेचा दाब निर्माण होतो आणि तो मल्टिमीटरला दिसत नाही. तिची शक्तीही केवळ व्होल्ट गुणिले अँपिअर नसते. त्यात पॉवर फॅक्टर, म्हणजे या गुणाकाराचा प्रत्यक्ष कामी येणारा अंश, धरावा लागतो.

तरीही तो साधा भागाकार टाकाऊ नाही. वाइंडिंगच्या आत तापमापी घालता येत नाही, पण थंड असताना ३० अंशांना ४ ओहम असलेले वाइंडिंग बंद केल्याबरोबर ४.८ ओहम दाखवत असेल, तर तापमानाबरोबर तांब्याचा रोध किती वाढतो हे काढण्यासाठी वापरतात त्या २३४.५ या स्थिरांकावरून आतले सरासरी तापमान सुमारे ८३ अंश निघते. आमच्या कारखान्यात नव्याने लागलेल्या मुलाला मी सर्वप्रथम हेच करायला लावतो, आणि बंद केल्यापासून मीटर लावेपर्यंत किती वेळ गेला हे लिहिले नसेल, तर ते माप ग्राह्य धरत नाही.

शाळेच्या नव्या प्रयोगशाळेसाठी एक विनंती आहे. हल्ली घरोघरी ९ वॉटचे एलईडी बल्ब आहेत. त्यांच्यात इलेक्ट्रॉनिक मंडल असल्याने दाबाच्या वर्गाला शक्तीने भागून येणाऱ्या रोधाला तेथे काही अर्थ उरत नाही. तेव्हा तारेचे जुने बल्ब मोडीत न काढता कपाटात जपून ठेवावेत. माझ्याकडच्या साठ्यातील १०० वॉटचे काही बल्ब आणि एक काट्याचा मल्टिमीटर मी या लेखासोबत शाळेकडे पाठवत आहे.