काळं न होणारं फडकं

दुपारची वेळ, दादाचा ट्रक सावलीत उभा, दादा केबिनमध्ये झोपलेला आणि माझ्या हाताला काम नाही. या चार गोष्टी जुळून आल्या की काहीतरी बिघडतं, हे आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक आहे.

पुढचं डावं ॲल्युमिनियमचं चाक अगदी समोर होतं. लांबून चकचकीत, पण जवळ गेल्यावर एकेक दिसायला लागलं. ब्रेकची तपकिरी धूळ, डांबराचे ठिपके, पाणी पडून तसंच वाळल्याचे पांढरे गोल. ओल्या फडक्यानं पुसलं तर निम्मं गेलं, निम्मं राहिलं. राहिलेल्या निम्म्यानं घात केला. मी हळूच केबिनचं दार उघडलं आणि सीटखालचा पॉलिशचा डबा काढला. डबा काकांचा होता. झाकण घट्ट बसलेलं, कडेला गंज. पण आतली पेस्ट अजून मऊ होती आणि तिचा वास नाकात गेला त्याच क्षणी मी नऊ वर्षांचा झालो.

काकांच्या गाडीची चाकंही ॲल्युमिनियमची, पण उघड्या धातूची. सुट्टीच्या दिवशी मी त्यांचा बिनपगारी क्लीनर. जुन्या बनियनचे तुकडे, बोटभर पेस्ट आणि दोन नटांच्या मधली अडचणीची जागा माझ्या वाट्याला, कारण तिथे लहान बोटंच जायची. चार हात फिरले की फडकं काळं व्हायचं. काळं म्हणजे अगदी पाटीसारखं. ते पाहून जो आनंद व्हायचा, तसा आनंद परीक्षेच्या निकालानंसुद्धा कधी दिला नाही. "मळ बघ किती निघतोय," काका म्हणायचे. काम झालं की ते चाकाकडे बघायचेच नाहीत. म्हणायचे, "हात दाखव." हात मनगटापर्यंत काळे असले की काम पास. "हात फिरे तिथे लक्ष्मी फिरे," हे वर.

तो मळ नव्हता, हे मला फार उशिरा कळलं. ॲल्युमिनियम उघडं पडलं की हवेतला ऑक्सिजन घेऊन लगेच स्वतःवर एक साय धरतं. मिलिमीटरचे दहा लाख भाग केले तर त्यातल्या दोन-चार भागांइतकी पातळ. पॉलिश ही साय खरवडतं, खालच्या धातूचाही कण-कण उचलतं, आणि तोच चुरा फडक्याला काळं करतो. म्हणजे आम्ही चाक साफ करत नव्हतो, थोडं थोडं पुसून नेत होतो. आणखी गंमत अशी की अशा पेस्टमध्ये घासणारी पूड बहुतेकदा ॲल्युमिनियमच्याच ऑक्साइडची असते. ती सायही त्याचीच, आणि माणिक आणि नीलमही मुळात तेच. ज्याचं त्यालाच घासायचं. काकांना हे सांगायचं राहून गेलं. सांगितलं असतं तरी ते "हात दाखव" एवढंच म्हणाले असते.

असो. मी पेस्ट घेतली आणि घासायला लागलो.

फडकं काळं होईना.

पेस्टचा करडा रंग तेवढा लागला. मी जोर वाढवला. फडक्याची घडी बदलली, बोट बदललं, मांडी घालून नीट बसलो. काळं नाहीच. इथे शहाण्या माणसानं थांबायला हवं होतं. उघडा धातू असेल तर फडकं काळं होतं, वर लेप असेल तर होत नाही. ओळखायची हीच तर खूण. कोपऱ्यात, दिसणार नाही अशा जागी एकदा घासून बघायचं आणि ठरवायचं. ही खूण मला पक्की माहीत होती. पण माहीत असणं डोक्याचं काम आणि हाताला तर नऊ वर्षांचा असतानाची सवय. मला चाक चमकवायचं नव्हतंच मुळी. मला फडकं काळं करायचं होतं.

पंधरा मिनिटांनी चाकाला हात घालण्यासाठी ठेवलेल्या भोकाशेजारी तळहाताएवढा धुरकट डाग तयार झाला. आरशावर कुणी उच्छ्वास टाकावा तसा. फरक एवढाच की तो विरला नाही.

"काय करतोयस?" दादा वरून.

"चमकवतोय."

"ते चमकलेलंच होतं की रे. वर क्लिअर कोट आहे त्याच्यावर."

क्लिअर कोट म्हणजे पारदर्शक लेप. जाडी साधारण 50 मायक्रॉन, मिलिमीटरचा विसावा भाग. चाक कारखान्यातच घासून आरशासारखं करतात, वरून हा लेप देतात, आणि तिथून पुढे आपण धातूला कधीच हात लावत नाही. आपण धुतो तो लेप, पुसतो तो लेप. धातू आत काचेच्या कपाटातल्या वस्तूसारखा. अशा चाकाला लागतं काय, तर गार होऊ देणं, आधी भरपूर पाणी मारून रेती घालवणं, मऊ स्पंज, सौम्य साबण, पाणी वाळायच्या आत कोरडं पुसणं. हवं तर वरून मेण. तारेचा ब्रश नको, आम्ल नको, कॉस्टिक सोडा तर नकोच. थोडक्यात, त्याला आपला हात फार नको असतो. हे दादानं मला चूळ भरता भरता सांगितलं, आणि त्याच्या सांगण्यात कुठेही राग नव्हता, याचाच मला जास्त त्रास झाला.

मग त्यानं उजव्या बाजूचं एक चाक दाखवलं. खडा उडून लेपाचा टवका गेला होता, आणि त्या जागेपासून लेपाच्या आतून पांढरट, नागमोडी रेषा निघाल्या होत्या, लाकडात किडा पोखरत जावा तशा. टवक्यातून ओल शिरते, सोबत मीठ असलं तर विचारूच नका, आणि गंज लेपाखालून धाग्याधाग्यानं पुढे सरकतो. डोळ्यांना दिसतो, बोटाला लागत नाही. वरून कितीही घासा, तो आत मजेत. त्याच्यापर्यंत पोचायचं तर आधी सगळा लेप रसायनानं उतरवायचा, मग धातू घासायचा, आणि मग एक तर पुन्हा लेप नाही तर दर महिन्याला काळे हात.

"काकांची चाकं बरी होती," मी म्हणालो. "बिघडलं तर घासता यायचं."

"तुला काय जातंय म्हणायला," दादा म्हणाला. "घासायचो मी. तू फक्त नटांच्या मधे."

हे खोटं आहे. पण त्या वेळी मी डाग पाडून बसलो होतो, त्यामुळे वाद घालण्याच्या परिस्थितीत नव्हतो. डाग मिटवण्याचे दोन-तीन उपाय मी सुचवले. प्रत्येकाची सुरुवात "थोडंसं घासून" अशी होती. दादानं डबा माझ्या हातातून घेतला, झाकण लावलं आणि पुन्हा सीटखाली ठेवला.

"तू हा वापरत नाहीस तर ठेवलायस कशाला?"

त्यानं उत्तर दिलं नाही. नटांवर एकदा हात फिरवून केबिनमध्ये चढला.

पुढे टायरांची अदलाबदल केली तेव्हा ते चाक मागच्या जोडीत आतल्या बाजूला गेलं. पुढचं चाक मागे आत बसवलं की त्याचं फुगीर तोंड बाहेरच्या चाकाच्या फुगीर तोंडाला भिडतं, त्यामुळे डाग आता दोघांच्या मधे, संपूर्ण अंधारात आहे. दादा म्हणतो, बघ, मिटला. ट्रक आला की मी तरीही मागच्या बाजूला एक चक्कर मारतो. दिसत काहीच नाही. परवा तो म्हणाला, "हात दाखव." दाखवले. स्वच्छ होते.