शेनान्डोआच्या खडकावरच्या रॅटलस्नेक माद्या

"दादा, थांब. पाय टाकू नकोस."

वाटेवर आडवं पडलेलं ओकचं खोड ओलांडायला मी पाय उचलला होता, तेवढ्यात धाकट्याने हाक दिली. खोडापलीकडे पाचोळ्यात मनगटाएवढा जाड टिंबर रॅटलस्नेक, शेपटीचा खुळखुळा वाजवून इशारा देणारा विषारी साप, वेटोळं घालून बसला होता, हनुवटी खोडाला टेकवून. उंदीर, खारी अशा खोडांवरून पळतात, त्यांची वाट बघत हा तासन्‌तास हलत नाही. शेपटी वाजलीच नाही. तेव्हा आवाजाच्या भरवशावर चालू नका. आडवं खोड आलं की थांबा, पलीकडे डोकावून बघा, मगच पाऊल टाका.

ऑगस्टच्या अखेरीस आम्ही व्हर्जिनियातल्या शेनान्डोआ नॅशनल पार्कमध्ये होतो. इथे विषारी साप दोनच, हा आणि कॉपरहेड. आंबोलीत पावसात चापडा हा विषारी साप शोधत हिंडलेल्यांना याचा चेहरा ओळखीचा वाटेल. दोघेही पिट वायपर, डोळा आणि नाकपुडीच्या मध्ये उष्णता टिपणारी तीच खाच.

खरा ठेवा वर होता. झाडी संपून उन्हात उघड्या पडलेल्या एका खडकावर तीन गाभण माद्या. एक पिवळी, अंगावर काळे नागमोडी पट्टे; दोन जवळपास काळ्या. पोटाकडचे खवले ताणून मधली कातडी दिसत होती. शेपटी मात्र तिघींची काळ्या मखमलीसारखी. खुळखुळ्याची कडी मोजून वय कळतं असं म्हणतात, ते खोटं. दर कातेला एक कडं वाढतं आणि जुनी तुटून पडतात.

१००-४०० मिमीची झूम लेन्स पूर्ण ताणून, पंधरा-वीस फुटांवरून, कोपर दगडाला टेकून फोटो काढले. फ्लॅश नाही. पिवळीच्या तोंडासमोर गवताची एक काडी येत होती, ती तशीच राहू दिली. मी दोन पावलं पुढे सरकलो तशी एकीने शेपटी उचलली, आणि तापल्या तेलात मोहरी पडावी तसा आवाज सुरू झाला. आम्ही मागे हटलो, थोड्या वेळात ती शांत झाली.

या माद्या या दिवसांत फारसं खात नाहीत. पोटातल्या पिल्लांसाठी ऊन खात बसतात. आपण जवळ गेलो की त्या फटीत शिरतात आणि पिल्लांचं ऊन बुडतं. मादी वयात यायलाच कित्येक वर्षं घेते, पुढेही काही वर्षांच्या अंतरानेच विते. त्यामुळे चार माद्या मारल्या गेल्या तरी सगळी वस्ती खचते. म्हणून तो खडक कुठे आहे हे मी लिहिणार नाही. तुम्हीही फोटो टाकण्याआधी त्यातलं लोकेशन काढून टाका, मागे ओळखू येणारं शिखर दिसत असेल तर तेही कापा.

घोट्यावर येणारे बूट घाला, दगडांच्या फटीत हात घालू नका, अंधार पडायच्या आत हेडलॅम्प लावा. मोबाइलला रेंज बऱ्याच ठिकाणी नसते, नकाशा आधीच उतरवून घ्या. चावलाच तर सापापासून दूर व्हा, अंगठी-घड्याळ काढा, ९११ ला, म्हणजे तिथल्या आपत्कालीन नंबरला, फोन करा. आवळून बांधणं, चिरणं, चोखणं, बर्फ लावणं यातलं काहीही करू नका. साप पकडून नेण्याचीही गरज नाही.

चार तासांनी परतलो तेव्हा खालचा तो साप तिथेच होता, हनुवटी त्याच सालीवर. काठीने पाचोळा चाचपत आम्ही वरच्या अंगाने वळसा घातला.