खांदे

साडेचारचा प्रयोग आणि तीन वाजले तरी सेट अर्धाच लागलेला. अशा वेळी नटाने रंगमंचावर रेंगाळू नये, कोणीतरी हातात लेव्हलचं, म्हणजे सेटच्या लाकडी चौथऱ्याचं, एक टोक देतंच. म्हणून गडकरी रंगायतनमधून सटकलो आणि वडा घेऊन तलावपाळीवर येऊन उभा राहिलो. कठड्यापाशी पाच-सहा पोरांचा घोळका होता. एकाच्या हातात मोबाइल, त्यावर बीट, आणि मधला सडपातळ पोरगा सॅक न काढताच रॅप करत होता.

‘कळव्याला चढतो, बॅग पुढे धरतो, चौथ्या सीटवर अर्धा बसतो, तरी पण हसतो.’

पहिल्यांदा मजा वाटली, मग कानाला खटकायला लागलं. चढतो, धरतो, बसतो, हसतो. मराठीत क्रियापद वाक्याच्या शेपटाला, त्यामुळे यमक फुकट मिळतं. आणि फुकटचं म्हणून पोरगं ते गिळत होतं. ‘हस’पर्यंत दम पुरायचा आणि ‘तो’ तलावात. याला हसायचा अधिकार मला नाही. तालमीत पहिली दोन वर्षं मी एकच वाक्य ऐकलं आहे: शेवट पडतोय. ‘मी तुला कधीच माफ करणार नाही’ यातलं ‘नाही’ मागच्या रांगेपर्यंत पोचलं नाही, तर तिथल्या प्रेक्षकाच्या हिशोबाने मी माफ करून टाकलेलं असतं.

आमच्या नाटकातल्या एका ज्येष्ठ नटाला हिपहॉप हा शब्द ऐकला की लगेच पोवाडा आठवतो. डफ आहे, झीलकरी आहेत, कलगी-तुऱ्याचे सवाल-जवाब आहेत, म्हणजे आपल्याकडे हे सगळं आधीपासूनच होतं! असेल. पण जगातली प्रत्येक गोष्ट आपल्याकडे आधीपासून असण्याचा मला हल्ली कंटाळा येतो. न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्समध्ये ११ ऑगस्ट १९७३ ला एका इमारतीच्या हॉलमध्ये, धाकट्या बहिणीला शाळेसाठी नवे कपडे घेता यावेत म्हणून तिकीट लावून पार्टी झाली; हिपहॉपचा जन्म तिथला मानतात. तिच्यात रेकॉर्ड वाजवणारा भाऊ म्हणजे कूल हर्क. त्याच्या लक्षात आलं होतं, की नाचणारे गाण्यासाठी थांबलेले नसतात; मधे बाकीची वाद्यं गप्प होतात आणि काही सेकंद नुसता ड्रम वाजतो, त्यासाठी थांबलेले असतात. मग एकाच रेकॉर्डच्या दोन प्रती लावून तो तेवढाच तुकडा पुन्हा पुन्हा वाजवायला लागला. यात पोवाडा कुठे आला?

वन्स मोअर मात्र आला. हो, मीही तेच करतोय. असो.

वन्स मोअरवरून सांगली आठवली. गणपतीत हौशी मंडळी ‘सौभद्र’ करायची आणि पायपेटीवर आमचे अण्णाआजोबा असायचे. मी सहा-सात वर्षांचा, त्यांच्या डाव्या पायाशी बसलेला. तिथून नाटक दिसायचं नाही. दिसायचं ते त्यांचं खालीवर होणारं पाऊल, पायमोज्याला पडलेलं भोक, आणि हनुवटी. हनुवटी कायम वर, रंगमंचाकडे. सुभद्रा कितीही घोळ घालो, पेटी तिच्या बरोबरच सुरू व्हायची. एकदा विचारलं, तिचं तोंड उघडल्याबरोबर तुम्हाला कसं कळतं? म्हणाले, “तोंड कोण बघतंय? तोंड उघडेपर्यंत उशीर झालेला असतो. खांदे बघायचे. श्वास घेतला की वर जातात.”

त्यानंतर कितीतरी दिवस मी सगळ्यांचे खांदे बघत फिरत होतो. मास्तरांचे खांदे वर गेले की आपलं नाव येणार, हे दोनदा बरोबर आलं.

आता आमच्याकडे ट्रॅक असतो. वाद्यवृंद परवडत नाही, दौऱ्यावर नेता येत नाही, सगळं मान्य. ट्रॅक कधी बेसूर होत नाही, जेवणावरून रुसत नाही. पण थांबतही नाही. मागच्या महिन्यात भावनेच्या ऐन भरात मला ठसका लागला. मी पाण्याच्या शोधात, आणि मागे व्हायोलिन माझ्या वाटचं रडून मोकळं झालं.

तेवढ्यात तलावपाळीवर बीट बंद पडलं आणि मोबाइलमधून एक बाई कर्जतजवळच्या प्लॉटचे भाव सांगायला लागली. फुकटच्या बीटमध्ये जाहिरात यायचीच. मला वाटलं, संपलं. पण पोरगा थांबला नाही. शेजारच्या चष्मेवाल्याने कठड्यावर हात मारून ताल धरला. मधल्याचा दम तुटला तिथे चष्मेवाल्याने हात वरच ठेवला, अर्धी मात्रा असेल, आणि पोराने श्वास भरल्याबरोबर खाली आणला. ‘हसतो’मधला ‘तो’ पहिल्यांदाच मला लख्ख ऐकू आला. बाई अजून प्लॉट विकत होती.

“काका, व्हिडिओ काढताय का?” एकाने विचारलं. मी वडा दाखवला.

परत आलो तेव्हा सेट लागला होता, अगरबत्तीचा वास सुटला होता. म्युझिकवाला विंगेत लॅपटॉप उघडून बसला होता. तेवीस वर्षांचा, गुणी पोरगा आहे. त्याच्या मागे जाऊन उभा राहिलो.

“काय रे, मी ते पत्राचं वाक्य घेतो, तेव्हा तुला इथून माझे खांदे दिसतात का?”

तो नीट वाकून, मान काढून बघून म्हणाला, “नाही दादा. मला फक्त तुमचं कपाट दिसतं.”

पहिली घंटा झाली. मी मिशी लावायला गेलो.