मुरूम, कातळ, काळी माती : कोल्हापुरात ऑफरोड आरसी गाडी घेताना

ऑफरोड आरसीमध्ये, म्हणजे खडबडीत जमिनीवर पळवायच्या रिमोटच्या गाड्यांमध्ये, सध्या दोन टोकांना नवं बरंच येतंय. एका टोकाला वीत-दीड वीत लांबीचे क्रॉलर, म्हणजे दगडांवर सावकाश चढणाऱ्या गाड्या, आहेत : अ‍ॅक्सियलचा १/२४ मापाचा (खऱ्या गाडीच्या चोविसाव्या हिश्श्याचा) एससीएक्स२४, एफएमएसचा एफसीएक्स२४, ट्रॅक्ससचा २०२२ साली आलेला १/१८ मापाचा टीआरएक्स-४एम. दुसऱ्या टोकाला कंपनीतूनच ब्रशलेस (आत कार्बन ब्रश नसलेली) मोटर घेऊन येणाऱ्या १/१६ आणि १/१४ मापाच्या फोर-व्हील गाड्या आहेत, एमजेएक्सच्या हायपर गो मालिकेसारख्या. खोक्यावर ठळक छापलेलं असतं ते एकच, ताशी किती किलोमीटर. कोल्हापुरात गाडी घेणाऱ्यानं तो आकडा सगळ्यात शेवटी बघावा. आधी आपली माती बघावी.

आपल्या जिल्ह्यात पूर्वेकडून पश्चिमेकडं जाताना माती चक्क तीन प्रकारची लागते. शिरोळ-हातकणंगल्याकडं उसाची काळी माती, शहराच्या आसपास मुरमाड माळ आणि मधूनच वर आलेला काळा कातळ, आणि राधानगरी-गगनबावड्याकडं जांभा आणि तांबडी माती. प्रत्येक ठिकाणी गाडी वेगळ्या जागी मोडते. त्यामुळं ‘कुठली गाडी चांगली’ याचं उत्तर ‘कुठं पळवणार’ यावर ठरतं.

मुरमाचा माळ सगळ्यात सोपा. पाणी थांबत नाही, चिखल धरत नाही, वर्षातले आठ-नऊ महिने गाडी पळवता येते. फक्त चाकाचा व्यास बघा. ढोबळ हिशेब असा : चाकाच्या व्यासाच्या एक तृतीयांशाहून उंच दगड समोर आला की गाडी चढत नाही, धडकते. १/१६ गाडीचं चाक सात-आठ सेंटिमीटरचं असेल तर अडीच सेंटिमीटरचा खडासुद्धा तिला धक्का देतो, आणि माळावर तसे खडे पावलोपावली असतात. त्या मापाच्या गाड्या क्रिकेटच्या मैदानावर, सपाट पाणंदीवर मस्त पळतात. माळावर नेल्या की पुढचे ए-आर्म (चाक धरणारे सस्पेन्शनचे दांडे) आणि सर्व्हो सेव्हर (स्टिअरिंग वळवणाऱ्या सर्व्हो मोटरला धक्क्यापासून वाचवणारा भाग) आधी जातात. नेहमी माळावरच पळवायची असेल तर १/१० मॉन्स्टर ट्रक किंवा १/८ बग्गी घ्या, वेग कमी असला तरी चालेल.

वेगाचा हिशेब एकदा स्वतः मांडून बघावा. मोटर ३२०० केव्हीची (एका व्होल्टला मिनिटाला ३२०० फेरे) आणि बॅटरी ३एस (तीन सेलची), म्हणजे ११.१ व्होल्ट. विनाभार फेरे झाले मिनिटाला सुमारे ३५,५००. स्पर गिअर (मोठं दातेरी चाक) ५४ दाती, पिनियन (मोटरवरचं छोटं दातेरी चाक) १५ दाती, तर प्रमाण ३.६. डिफचं (चाकांना फिरवणाऱ्या डिफरन्शियलचं) आतलं प्रमाण ३७ भागिले १३, म्हणजे २.८५ धरू. दोन्ही गुणले की १०.२५. चाकाचे फेरे मिनिटाला साधारण ३,४६० झाले, आणि १२० मिमीच्या चाकाला ते ताशी ७८ किलोमीटर पडतात. कागदावर. आता पिनियन १५ ऐवजी १३ दाती लावा, आकडा ६८ वर येतो. खडबडीत माळावर याच्या निम्मा वेगसुद्धा क्वचित वापरता येतो. म्हणजे ते दहा किलोमीटर सोडून काही गमवावं लागत नाही, आणि मोटरवरचा ताण मात्र चांगलाच उतरतो.

हा ताण उन्हाळ्यात फार महत्त्वाचा. एप्रिल-मे महिन्यात दुपारी हवाच ३८-३९ अंशांवर असते. मोटरचं बाहेरचं तापमान ७० अंशांपर्यंत ठीक, ८० ओलांडलं की थांबायचं, हा नियम धरला तर थंडीच्या मानानं हातात मोकळीक बरीच कमी राहते. त्याहून तापली तर आतला चुंबक कायमचा कमजोर होतो आणि वायंडिंगचं इनॅमल जळायला लागतं. इन्फ्रारेड थर्मामीटर विकत घ्या. पाच मिनिटं पळवून मोटरच्या मधल्या भागावर धरा, मग दहा मिनिटांनी पुन्हा. आकडा चढतच चालला असेल तर पिनियनचे एक-दोन दात कमी करा. पंखा लावून हा दोष झाकू नका, कारण गिअरिंग चुकलेलं असलं तर पंखा फक्त वेळ लांबवतो.

आता काळी माती. इथं जरा थांबून सांगायला हवं, कारण सगळ्यात जास्त गाड्या याच मातीत खराब होतात आणि खरी मजाही याच मातीत आहे. परदेशातले बरेच आरसी रेसिंगचे ट्रॅक चिकणमातीचे करतात आणि पाणी मारून ओलसर ठेवतात, पकड मिळावी म्हणून. आपल्या काळ्या रानात वाफसा आला की नेमकी तीच अवस्था तयार होते. माती हाताला दमट लागते, दाबली की गोळा होतो, पण बोटांना चिकटत नाही. अशा वेळी बारीक खुंट्यांचे टायर लावलेली बग्गी रुळावर धावल्यासारखी वळते.

वाफसा यायच्या आधी गेलात तर मात्र गाडीचे हाल. ओली काळी माती रिमच्या आतल्या बाजूला थर धरते. थर चारी चाकांत सारखा बसत नाही, त्यामुळं वेग घेतला की गाडी थरथरते. ती थरथर आधी चाकाची बेअरिंग खाते, मग अ‍ॅक्सलची पिन. चाकं जड झाल्यानं मोटर तापते, आणि मोटरच्या हीटसिंकवर चिखल बसल्यानं ती उष्णता बाहेरही जात नाही. टायरच्या आतला फोम हा आणखी एक त्रास. रिमला हवेसाठी भोकं असतात, त्यातून गढूळ पाणी आत शिरतं आणि फोम ते धरून ठेवतो. रिमची भोकं चांगल्या चिकटपट्टीनं बंद करा आणि टायरच्या मधोमध समोरासमोर दोन मिमीची दोन भोकं पाडा. चाक फिरलं की पाणी बाहेर फेकलं जातं.

चिखलातून आलेल्या गाडीवर सर्व्हिसिंगच्या प्रेशर पाइपनं पाणी मारणं ही सर्रास होणारी चूक. तो दाब बेअरिंगच्या सीलमधून माती आत ढकलतो. चिखल वाळू द्या. काळी माती वाळली की आकसते आणि जुन्या टूथब्रशनं खपल्या निघतात. उरलेली ओल्या फडक्यानं पुसा, मग कॉम्प्रेसरची हवा लांबून मारा. चाकं काढून प्रत्येक बेअरिंग बोटावर फिरवून बघा. खरखर लागली तर पेट्रोलमध्ये धुऊन दोन थेंब शिलाई मशीनचं तेल. तरीही खरखरलीच तर बदला. गाडीवर ‘वॉटरप्रूफ’ लिहिलेलं असतं ते ईएससी (मोटरचा वेग सांभाळणारं सर्किट), रिसीव्हर आणि सर्व्होपुरतं. बेअरिंग, हिंज पिन (ए-आर्म जिच्यावर हलतो ती), पिनियन हे सगळं गंजतं.

उन्हाळ्यात त्याच रानाला भेगा पडतात. छोटी चाकं भेगेत अडकली की स्टिअरिंगचा सांधा उखडतो. आणि ऊस तुटल्यावर रान मोकळं दिसलं म्हणून तिथं गाडी घालू नका. बुडखे कडक आणि तिरपे तुटलेले असतात, टायर फाडतात. मुख्य म्हणजे खोडवा ठेवलेल्या रानात नवे कोंब फुटत असतात, ते शेतकऱ्याचं पीक आहे. पाणंद बघा, पडीक माळ बघा, मालकाला विचारा.

तांबड्या मातीचा त्रास धुळीचा. ती पिठासारखी बारीक असते, डिफच्या आणि गिअरबॉक्सच्या फटीतून आत जाते आणि ग्रीसमध्ये मिसळून खरखरीत लेप तयार होतो. शिवाय सह्याद्रीच्या दगडात मॅग्नेटाइट असतं. पंचगंगेच्या वाळूतून लोहचुंबक फिरवा, बारीक काळे कण चिकटून येतील. ब्रशलेस मोटरचा रोटर (आतला फिरणारा भाग) हा स्वतःच जोरदार चुंबक. मोटरचं डबडं बाजूनं उघडं असेल तर हे कण आत ओढले जातात आणि रोटर-स्टेटरच्या बारीक फटीत घासत राहतात. म्हणून आपल्याकडं पूर्ण बंद डबड्याची मोटर घ्यावी, थोडी जास्त तापली तरी.

नवी गाडी आणली की पळवण्याआधी तासभर टेबलावर द्या. कारखान्यात घाईत जोडलेली असते, आणि पहिल्या दोन बॅटऱ्यांत जे मोडतं ते बहुतेक या तासात सापडतं. १.५, २ आणि २.५ मिमीच्या चांगल्या पोलादाच्या अ‍ॅलन की आधी घ्या, खोक्यातल्या नकोत. त्या स्क्रूचं डोकं गोल करून ठेवतात.

सुरुवात गिअर मेशपासून, म्हणजे दोन गिअरचे दात एकमेकांत किती बसतात त्यापासून. मोटरचे स्क्रू सैल करा, वहीच्या कागदाची बोटभर पट्टी पिनियन आणि स्परच्या मधे घाला, मोटर हलकी दाबून स्क्रू आवळा आणि चाक फिरवून पट्टी बाहेर काढा. पट्टीवर स्वच्छ नागमोडी घड्या दिसायला हव्यात. पट्टी फाटली तर मेश घट्ट आहे, घड्या पुसट असतील तर सैल. मग स्पर पूर्ण फिरवून चार ठिकाणी बोटानं खेळ तपासा, कारण प्लास्टिकचा स्पर पूर्ण गोल असतोच असं नाही. सगळ्यात घट्ट जागी केसाएवढा खेळ राहिला पाहिजे. हे न केल्यानं स्परचे दात पहिल्याच दिवशी सपाट होतात आणि दोष मोटरला दिला जातो.

पिनियनचा ग्रब स्क्रू (बिनडोक्याचा स्क्रू) शाफ्टच्या सपाट बाजूवर बसलाय का बघा. तो, मोटर माउंटचे स्क्रू आणि मधल्या शाफ्टच्या कपचे ग्रब स्क्रू काढून निळं लॉकटाइट (स्क्रू सैल होऊ न देणारा द्रव) एक थेंब लावा. धातूत धातू जिथं जातो तिथंच. प्लास्टिकवर ते लागलं तर काही प्रकारचं प्लास्टिक तडकतं.

पुढं सर्व्हो. स्टिअरिंग पूर्ण वळवून धरा; सर्व्हो गुणगुणत राहिला तर तो अडथळ्यावर जोर लावतोय. रिमोटवर एंडपॉइंट (वळण्याची शेवटची मर्यादा) कमी करत गुणगुण थांबेपर्यंत या. मोठा सर्व्हो बसवलात तर ईएससीची बीईसी (सर्व्हो आणि रिसीव्हरला वीज देणारा भाग) तेवढा करंट देते का तपासा. नाही तर दगडात चाक अडकलं की व्होल्टेज पडतं, रिसीव्हर बंद पडतो आणि गाडी मधेच मेल्यासारखी थांबते. शेवटी फेलसेफ, म्हणजे सिग्नल तुटला की गाडी आपोआप थांबणं : गाडी खोक्यावर ठेवून चाकं हवेत फिरवा आणि रिमोट बंद करा. चाकं थांबलीच पाहिजेत. चालू करताना आधी रिमोट, बंद करताना आधी गाडी.

क्रॉलरचं गणित पार वेगळं. आपला बेसॉल्टचा कातळ कोरडा असताना अप्रतिम पकड देतो, मऊ रबरचा टायर अक्षरशः चिकटतो. पावसाळ्यात शेवाळ धरलं की तोच दगड निकामी. एससीएक्स२४ पाण्यात घालण्यासाठी केलेला नाही, ओढ्यातल्या दगडांवर खेळायचं असेल तर टीआरएक्स-४एम बरा. दोन्हींचे डिफ कायम लॉक असतात, म्हणजे दोन्ही बाजूंची चाकं सारख्याच वेगानं फिरतात, त्यामुळं वळणाला जागा जास्त लागते. एफसीएक्स२४ ला पोर्टल अ‍ॅक्सल (चाकाच्या मध्यापेक्षा उंच बसवलेला) आणि दोन गतींचा गिअरबॉक्स आहे, पोट दगडावर सहजासहजी टेकत नाही.

चढावर क्रॉलर मागं उलटतो, कारण वजन मागच्या चाकांवर जातं. उपाय एकच : पुढचं वजन वाढवा, तेही शक्य तितकं खाली. साधारण ६० टक्के पुढं, ४० मागं. बॉडीत वर शिसं चिकटवण्यापेक्षा पुढच्या रिमच्या आत पितळी कडं बसवणं केव्हाही चांगलं, आणि त्यासाठी परदेशातून पार्सल मागवायची गरज नाही. शिवाजी उद्यमनगरात लेथवाल्याला माप दिलं की काम होतं. बाहेरून १८ मिमी, आतून १० मिमी, जाडी ६ मिमी असं पितळी कडं साधारण ९ ग्रॅमचं होतं. रिमच्या आतली जागा मात्र व्हर्नियरनं आधी मोजा. मसाई पठारासारख्या सड्यावर क्रॉलर नेऊ नका. तिथं जांभ्यावर मातीचा पातळ थर आणि त्यात पावसाळी फुलझाडं असतात, एक घसट वर्षभर दिसत राहते.

लिपो (लिथियम पॉलिमर) बॅटरीबद्दल थोडक्यात. एका सेलला पूर्ण चार्ज ४.२ व्होल्ट, ठेवून द्यायची असेल तर ३.८, आणि पळवताना ३.३ च्या खाली नेऊ नका. ईएससीवर बॅटरीचा प्रकार ‘लिपो’ केलाय का ते पहिल्याच दिवशी बघा. तो ‘एनआयएमएच’वर (निकेलच्या बॅटरीवर) राहिला तर कटऑफ (व्होल्टेज पडलं की गाडी थांबवणारी सोय) लागतच नाही आणि नवी बॅटरी एका दुपारी फुगते. ५००० एमएएचच्या बॅटरीला ५ अँपिअरवर, बॅलन्स चार्जरनंच चार्ज करा, तेही ती गार झाल्यावर. चार्जिंग मातीच्या कुंडीत, शेजारी कोरड्या वाळूची बादली, आणि घराबाहेर जाऊ नका. फुगलेली बॅटरी पुन्हा वापरायची नाही.

सुटे भाग हा खरेदीचा निम्मा विचार. आयात खेळण्यांवरचं मूळ सीमाशुल्क २०२० साली २० वरून ६० टक्के आणि २०२३ साली ७० टक्के झालं, त्यामुळं नंतर एकेक भाग मागवणं महागात पडतं. गाडीबरोबरच पुढचे ए-आर्म दोन जोड, एक स्पर, दोन पिनियन (कंपनीचा आणि दोन दात कमी असलेला), सर्व्हो सेव्हर आणि बॉडी क्लिपा घेऊन ठेवा. बेअरिंग मात्र आरसीच्या नावाखाली विकत घेऊ नका. जुनी मोजून बेअरिंगच्या दुकानात नंबर सांगा : ५×११×४ म्हणजे एमआर११५, ५×१०×४ म्हणजे एमआर१०५, ८×१६×५ म्हणजे ६८८. मागताना रबर सीलची मागा, पत्र्याच्या सीलमधून तांबडी धूळ आत जाते. हिंज पिन वाकली तर त्याच जाडीचा सिल्व्हर स्टीलचा रॉड कापून घेता येतो; टोकाला ई-क्लिपची खाच लेथवरच मारून घ्या, करवतीनं मारलेल्या खाचेतून क्लिप पहिल्या उडीत निघून जाते.