‘पुस्तक विकणार नाही, असं लिहून द्या’

वर्षाला पाच-सहा पुस्तकं काढणारे माझ्यासारखे प्रकाशक मराठीत बरेच आहेत. घरातली एक खोली हेच कार्यालय आणि तेच गोदाम. प्रूफंही आपणच वाचायची, पार्सलंही आपणच बांधायची. अशा प्रकाशकाचं पुस्तक बंद पाडायला सरकारी बंदी लागतच नाही. एक तक्रारअर्ज आणि दोन-चार फोन पुरतात.

माझ्याकडचं पुस्तक देवस्थानच्या इनाम जमिनींवरचं होतं. लेखिकेने जुने फेरफार, सातबारे, कोर्टाचे निकाल वाचून ते लिहिलेलं, जवळजवळ प्रत्येक विधानाला तळटीप. पहिली आवृत्ती संपत आली आणि ‘भावना दुखावल्या’ असा अर्ज पोलीस ठाण्यात गेला. मुद्रकाचा फोन आला, “ताई, प्लेटा तयार आहेत, पण मशीनवर चढवत नाही. पोरं घाबरलीत.” वितरकाने काही न कळवता गठ्ठे परत पाठवले. मग ठाण्यातून निरोप, समेटाच्या बैठकीला या. तिथे अर्जदारांपैकी एकाने माझ्यासमोर कोरा कागद सरकवला. “पुस्तक विकणार नाही, असं लिहून द्या मॅडम. विषय इथेच मिटवू.”

बोलण्यात दमदाटी नव्हती, चहासुद्धा मागवला होता. पण खोलीत माझ्या बाजूचं कुणीच नव्हतं, आणि त्या एकटेपणात सही करून सुटावं असं खरोखर वाटतं. मी वकिलांशी बोलून येते एवढंच म्हणाले आणि बाहेर पडले.

नाशिकच्या एका प्रकाशक मित्राला फोन लावला. तो यातून आधी गेला होता आणि त्याने सही केली होती. त्याचं ते पुस्तक आज कुठेही मिळत नाही. त्याने वकिलांचा नंबर दिला आणि म्हणाला, “पुढच्या वेळी एकटी जाऊ नकोस.” पुढच्या तारखेला तो स्वतः आला, सांगलीहून एक जण आले, लातूरहून एक ताई आल्या. ठाण्याच्या बाकावर आम्ही ओळीने बसलो होतो. आत बोलायला मी आणि वकीलच गेलो, पण मागे माणसं आहेत हे सगळ्यांनी पाहिलं होतं.

वकिलांनी जे समजावलं ते प्रत्येक छोट्या प्रकाशकाला तोंडपाठ हवं. पुस्तक सरकारजमा करायचा निर्णय पोलीस ठाणं घेऊ शकत नाही. तो अधिकार राज्य सरकारचा, तोही कारणं नमूद करून अधिसूचना काढून. पूर्वी हे फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ९५ मध्ये होतं, १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ९८ मध्ये आहे. अधिसूचनेविरुद्ध दोन महिन्यांच्या आत उच्च न्यायालयात जाता येतं आणि तीन न्यायाधीशांचं पीठ ते ऐकतं. पुस्तकात हितसंबंध असलेली कुणीही व्यक्ती हा अर्ज करू शकते. शिवाजी महाराजांवरील जेम्स लेन यांच्या पुस्तकावरची बंदी कोर्टात नेली ती संघराज रुपवते, आनंद पटवर्धन अशा मंडळींनी. लेखक किंवा प्रकाशकाने नव्हे. मुंबई उच्च न्यायालयाने २००७ मध्ये ती रद्द केली आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये तो निकाल कायम केला. ते पुस्तक कुणाला पटो न पटो, कायद्याची ही वाट त्यामुळे आपल्या सगळ्यांसाठी स्पष्ट झाली.

माझ्या अगदी जवळचं प्रकरण मात्र तमिळनाडूतलं निघालं. जानेवारी २०१५ मध्ये नामक्कलला तमिळ लेखक पेरुमाळ मुरुगन यांच्याकडून त्यांच्या कादंबरीवरून अशाच ‘शांतता बैठकीत’ माफी लिहून घेतली होती. मद्रास उच्च न्यायालयाने जुलै २०१६ मध्ये सांगितलं की तो समझोता लेखकावर बंधनकारक नाही. त्या लढ्यातही लेखकांची संघटना याचिकाकर्ती होती. हे वाचलं त्या रात्री मला नीट झोप लागली.

आम्ही लेखी उत्तर दिलं, तळटीपांमधल्या कागदपत्रांच्या प्रती जोडल्या. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३(३) खाली गुन्हा नोंदवण्याआधी प्राथमिक चौकशी करावी अशी विनंती केली. अभिव्यक्तीशी संबंधित अशा तक्रारींत ती करणं योग्य, असं सर्वोच्च न्यायालयाने कवी इम्रान प्रतापगढी यांच्या प्रकरणात २८ मार्च २०२५ ला म्हटलं आहे. शब्दांचा परिणाम खंबीर मनाच्या माणसाच्या नजरेने तोलायचा, सतत असुरक्षित वाटणाऱ्याच्या नव्हे, असंही त्यात आहे. चौकशी झाली, गुन्हा दाखल झाला नाही.

त्यानंतर पुण्यात, अप्पा बळवंत चौकाजवळच्या एका गोदामात, आम्ही छोटे प्रकाशक आपली संघटना काढायला जमलो. संस्था नोंदणीला किमान सात सभासद लागतात. विधानपत्र, नियमावली, ओळखपत्रं, जागामालकाचं संमतीपत्र अशी फाईल करून ती धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात द्यायची. कागद जमवणं कंटाळवाणं आहे, पण कठीण नाही. कठीण होती ती नियमावलीवरची चर्चा. ज्या पुस्तकाशी आपण मुळीच सहमत नाही, त्याच्यासाठीही उभं राहायचं का? अमरावतीचे एक ज्येष्ठ प्रकाशक स्पष्ट म्हणाले, “मला नाही जमणार.” यावर दुपार गेली. शेवटी ठरलं की संघटना पुस्तकातल्या मताची बाजू घेणार नाही, ते छापायच्या आणि विकायच्या हक्काची घेईल. हिंसेची उघड चिथावणी असेल तर मात्र मदत नाही. ते ज्येष्ठ त्या कलमावर सही करणारे पहिले. मला त्यांचा फार आदर वाटतो.

आता दर नव्या पुस्तकामागे प्रत्येक सभासद ५०० रुपये निधीत टाकतो. नोटीस आली की त्याच दिवशी इतरांना कळवायचं, ठाण्यात एकट्याने जायचं नाही, संघटनेशी बोलल्याशिवाय पुस्तक मागे घ्यायचं नाही. पुस्तक छापायला घेण्याआधी लेखकाचे पुरावे एका फाईलमध्ये लावून ठेवायचे, हाही नियम केला आहे.

माझी दुसरी आवृत्ती दुसऱ्या शहरात छापावी लागली, कारण जुना मुद्रक अजून तयार नाही. त्याला दोष देववत नाही. गुन्हा दाखल झाला तर प्रकाशकाबरोबर त्याचंही नाव येऊ शकतं, आणि आमच्या नियमावलीत त्याच्यासाठी आज एक ओळही नाही. मुद्रकांना आणि बांधणीवाल्यांना सभासद करून घ्यावं, असा ठराव मी येत्या सर्वसाधारण सभेत मांडणार आहे.